वाळवंटातल्या मुक्कामाची तयारी

आईनं मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी तिला सरळ खोटं उत्तर दिलं. वाळवंटात तंबू ठोकून एक रात्र राहायचं ठरलं होतं, निघायला एकच दिवस उरला होता. ती हॉलच्या कडेला उभी राहून, आवाज खाली आणून म्हणाली, "तिथं बाथरूम हाय नव्हं?" मी मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघत होतो. मान वर न करता म्हणालो, "आहे गं. सगळं आहे." तिथे काही नव्हतं. वाळू होती. हे मला पक्कं माहीत होतं, कारण ती जागा मीच शोधली होती, आणि तिथे काहीच नाही म्हणूनच ती निवडली होती.

आई हिवाळ्यापुरती व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली होती. आम्ही शारजातल्या अल नहदाला राहतो, दुबईच्या हद्दीला लागून असलेल्या उंच इमारतींपैकी एकीत. सकाळी मी अल कुसैसच्या ऑफिसला निघायचो, बायको तिच्या नोकरीवर, मुलगी शाळेत. आई दुपारपर्यंत एकटी. लिफ्टमध्ये एकटीनं जायला ती घाबरायची, त्यामुळे खालच्या बाकावर जाऊन बसणंही आमच्यावर अवलंबून. ती खिडकीशी खुर्ची ओढून हद्दीवर तुंबलेल्या गाड्या बघत बसायची. संध्याकाळी आलो की सांगायची, आज लाल गाड्या लई व्हत्या.

एकदा ती सहज म्हणाली, "हितं माती कुटं दिसतच न्हाई रं." तक्रार म्हणून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. पण मला ते वाक्य टोचत राहिलं. वडील गेल्यापासून दर वर्षी मी तिला म्हणत आलो होतो, पुढच्या हिवाळ्यात तुला घेऊन जातो, आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी नोकरी बदलणं, कधी मुलीची परीक्षा. शेवटी आणलं, आणि आणून काचेच्या खिडकीशी बसवलं. आपण हिच्यासाठी काहीतरी मोठं केलं पाहिजे, असं मला एकसारखं वाटू लागलं. आज लिहिताना कळतं, मला ती बोच बंद करायची होती. आईला नेमकं काय हवं आहे हे मी एकदाही विचारलं नाही.

ऑफिसातला एक मित्र दर हिवाळ्यात कॅम्पिंगला जातो. तो नाशिककडचा, राहायला कुसैसलाच. त्यानं मला सांगितलं की इथे त्यासाठी बुकिंग लागत नाही, गेट नाही, वॉचमन नाही. कुंपण घातलेलं नसेल, कुणाचा उंटांचा गोठा किंवा शेत नसेल, प्राण्यांसाठी राखलेला भाग नसेल, तर रस्ता सोडून आत गाडी घालायची आणि आवडेल तिथे तंबू ठोकायचा. अट एवढीच, की जागा होती तशी ठेवून निघायचं.

'आवडेल तिथे' या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी वीस-बावीस वर्षं या देशात आहे आणि इतक्या वर्षांत मला आवडेल तिथे मी गाडीसुद्धा लावू शकलेलो नाही. बाल्कनीत कपडे वाळत घातले तर इमारतीची नोटीस येते. आणि इथे म्हणे मोकळं रान पडलं आहे. त्या दिवसापासून मी घरात धड बसलो नाही. जेवताना उपग्रहाचा नकाशा, टीव्ही बघताना वाऱ्याचं अॅप, झोपायला आडवा झालो की कॅम्पिंगवाल्यांचे व्हिडिओ. वाळूचा रंग कुठे जास्त लाल आहे, टेकड्या कुठे उंच आहेत, विजेचे खांब कुठून दिसणार नाहीत. नकाशावर खुणा करायचो, सकाळी पुसायचो, संध्याकाळी नव्या करायचो. मुलगी माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, "पापा, इट्स जस्ट सॅण्ड." आणि लगेच, "बट व्हेअर इज द टॉयलेट?"

पहिला प्रश्न तिनंच विचारला होता, आणि तोच खरा प्रश्न होता.

मित्रानं मलीहाच्या वाटेवरची एक जागा सुचवली. तिथे गाफची झाडं आहेत. गाफ म्हणजे आपल्याकडच्या शमीचाच भाऊबंद, पानं बारीक आणि सावली विरळ, पण आडोसा मिळतो. तो म्हणाला, "रस्त्याच्या पलीकडे मशीद आहे. तिथे बायकांसाठी वेगळं टॉयलेट असतं, स्वच्छ. आई आहेत बरोबर, वहिनी आहेत, सगळ्यांना बरं पडेल." मी लगेच नाक मुरडलं. तिथे सगळेच जातात, जनरेटर लावतात, गाणी वाजवतात, मला शांतता हवी आहे, असं बरंच काही बोललो. त्यावर तो हसला. "साहेब, कॅम्पिंगला जायचंय का वनवासाला? आईंना विचारा एकदा."

मी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीला एकटाच गाडी घेऊन माझी जागा बघून आलो. डांबरी रस्त्यापासून बरंच आत, एका उंच टेकडीच्या कुशीत. एक झुडूप नाही, एक खांब नाही. मी गाडीच्या टपाला टेकून उभा राहिलो तेव्हा कानात स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. मनात म्हटलं, खलास, हीच. आईला इथे खुर्चीत बसवायचं, मागे लाल वाळू, आणि एक फोटो काढायचा. तो फोटो मी तिथेच, ती यायच्या आधीच, मनात काढून टाकला होता.

बायकोनं माझ्याशी वाद न घालता बाजारातून एक टॉयलेट टेंट आणला. उभा, माणसाच्या उंचीचा, एकाला उभं राहता येईल एवढा, आणि आत ठेवायला घडीची खुर्ची. खोक्यावर त्याचं मोठं रंगीत चित्र होतं. तिनं ते खोकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, डिकीत हे सगळ्यात आधी ठेवा.

मी मात्र सामान दोन दिवस आधीच, गुरुवारी संध्याकाळी भरायला घेतलं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये मी सगळं जमिनीवर मांडलं. मोठा तंबू, आईच्या कमरेसाठी गादी, खुर्च्या, बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन, जळण, कोळसा, शेगडी, सावलीसाठीचं कापडी छत आणि त्याचे लांब दांडे, शिवाय छताला लावायच्या दिव्यांच्या माळा. बसेना. काढलं, पुन्हा रचलं. तरी बसेना. घामाघूम झालो. शेवटी ते खोकं बाहेर काढून खांबाला टेकवलं, आणि डिकी लागली.

बायको मदतीला खाली आली होती. तिनं खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे राहिलं," ती म्हणाली.

"बसत नाहीये. तिथे आसपास चिटपाखरू नसतं. आणि आई गावची आहे, तिला सवय आहे."

"सवय नव्हती हो ती. इलाज नव्हता."

मी म्हणालो, तू प्रत्येक गोष्टीचा उलटा अर्थ काढतेस. छत काढून ठेव, असं ती म्हणाली. मी छत काढलं नाही. फोटोत छत हवं होतं. खोकं मी वर आणलं आणि पॅसेजमध्ये, दाराच्या मागे, भिंतीला उभं करून ठेवलं.

'इलाज नव्हता' म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. आमचं गाव माण तालुक्यातलं, उघड्या माळावरचं. लहानपणी आमच्या आळीत कुणाच्याच घरी संडास नव्हता. बायका पहाटे अंधारात परसाकडे जायच्या, नाहीतर दिवस बुडाल्यावर. मधल्या वेळेला पोटात कळ आली तरी दाबून ठेवायच्या. एसटीनं कुठे लांब जायचं असलं तर आई आदल्या दिवसापासून पाणी प्यायचं सोडायची. मी इकडे नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पैसे पाठवले ते तिनं त्याच कामाला लावले. पांढऱ्या फरशीचा संडास बांधून घेतला. पाव्हणे आले की देवघराच्या आधी ती त्यांना तो दाखवायची, आणि ते बघून झालं की दाराची कडी लावून पुन्हा ओढून बघायची. हे सगळं मला ठाऊक होतं. त्या गुरुवारी ते मला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं. मी डिकी लावली.

शुक्रवारी दुपारी आईनं तो प्रश्न विचारला. मी हो म्हणालो. तिनं "बरं" म्हटलं आणि ती आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला लागली.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. मित्राचं कुटुंब त्याच्या गाडीतून पुढे. डांबर संपतं तिथे आम्ही थांबलो, मित्रानं चारही टायरांची हवा कमी केली, म्हणजे चाकं वाळूत रुतत नाहीत. आई गाडीतून उतरली, तिनं चपला काढल्या आणि अनवाणी थोडी पुढे चालत गेली. वाकून मूठभर वाळू घेतली, बोटांमधून सोडली. "लई मऊ हाय रं, मैद्यावानी," म्हणाली. एका टेकडीवर तीन उंट उभे होते, त्यांच्याकडे बघून हसली. ती खरंच खूश होती, आणि मी बायकोकडे अशा नजरेनं बघितलं, की बघ, म्हणालो नव्हतो का.

जागेवर पोचलो, तंबू उभे केले, छत बांधलं. मित्राच्या बायकोनं चहा केला. आईनं घेतला नाही. पाणी देऊ केलं, तेही नको म्हणाली. मला वाटलं, प्रवासानं मळमळत असेल. ती एक-दोनदा उभी राहिली, चहूकडे नजर फिरवली, पुन्हा बसली. मी फोटोसाठी तिची खुर्ची टेकडीकडे वळवत होतो. ती म्हणाली, "बाथरूम कुणीकडं?" मी हात लांब करून म्हटलं, "अगं, इथे सगळं मोकळंच आहे. त्या टेकडीच्या मागे जा, कुणी नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मग साडीचा पदर सारखा करून पुन्हा खुर्चीत बसली, आणि मी फोटो काढला. फोटोत ती ओठ घट्ट मिटून बसली आहे.

दिवस बुडायची वाट ती बघत होती, हे बायकोला कळलं, मला नाही. उजेड उतरला तशी बायको चादर घेऊन तिच्याबरोबर निघाली. दोघी टेकडीच्या कडेच्या, अंधारलेल्या उतारावर गेल्या. मी जळण पेटवत होतो. तेवढ्यात इंजिनांचा कर्कश आवाज आला. वाळूत पळवायच्या त्या उघड्या बग्ग्या, चार-पाच पोरं, लांबच्या टेकडीच्या माथ्यावरून एकामागोमाग खाली सुटली आणि त्यांच्या दिव्यांचा झोत आमच्या बाजूला आडवा फिरला. त्या झोतात मला त्या दोघी दिसल्या. बायको चादर धरायला धडपडत होती. आणि आई उठून उभी राहिली. पाठ फिरवून, पदर डोक्यावरून पुढे ओढून, ताठ उभी.

ते उभं राहणं मी ओळखलं.

लहानपणी एकदा मी चुलत्याबरोबर तालुक्याहून जीपनं परतत होतो. गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं बायका बसलेल्या असायच्या. जीपचे दिवे पडले तशी ओळीनं एकेक बाई उठून पाठमोरी उभी राहिली. जीपमधले पुरुष हसले. कुणीतरी काहीतरी बोललं. मी काचेला नाक लावून त्या पाठींमध्ये आईची साडी शोधत होतो, आणि ती दिसू नये म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होतो. तेव्हा मी इतरांसारखा हसलो नव्हतो, याचं मला पुढे कितीतरी वर्षं बरं वाटायचं.

आता मोठेपणी ते दिवे तिच्या अंगावर पडतील अशी जागा मी स्वतः शोधून काढली होती. नकाशावर, आठवडेच्या आठवडे, जीव लावून.

बग्ग्या निघून गेल्या. दोघी परत आल्या तेव्हा आईला काही न होताच परतावं लागलं होतं हे बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. मित्र म्हणाला, "यल्ला, चला, मी आईंना मशिदीपर्यंत गाडीनं घेऊन जातो." आईनं मान हलवली, "नगं बाबा, मला काय लागलंच न्हाई." तिच्यासाठी एवढ्या लोकांनी उठावं आणि सगळ्यांना कळावं की कशासाठी, हे तिला सोसणार नव्हतं. मी म्हणायला हवं होतं, चला, आवरा, आपण घरी जाऊ. मी मक्याची कणसं भाजत राहिलो. माझे हात थांबत नव्हते. एक कणीस झालं की दुसरं. आईनं उपास आहे म्हणून सांगितलं. शनिवारी तिचा कधीच उपास नसतो.

सकाळी दाट धुकं होतं. त्या धुक्यात ती एकटीच लवकर जाऊन आली. परतीच्या वाटेवर तिला थंडी वाजू लागली. घरी पोचल्यावर ताप भरला, लघवीला आग होत होती, पण तेही तिनं मला नाही, बायकोला सांगितलं. संध्याकाळी कुसैसच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर केरळच्या बाई होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं, माँजी, पानी कब से नहीं पिया? आईला हिंदी कळते, बोलता येत नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शुक्रवार दुपारपासनं."

मी डॉक्टरांना तसं सांगितलं, आणि सांगता सांगता दिवस मोजले. शुक्रवारी दुपारी तर मी तिला बाथरूम आहे म्हणालो होतो.

बाहेर औषधांची वाट बघताना मी तिला म्हटलं, "मी सांगितलं होतं ना तुला, आहे म्हणून. मग पाणी का सोडलंस?"

ती म्हणाली, "दारामागं खोकं बघितलं व्हतं मी. चितार हाय त्येच्यावर." मग म्हणाली, "म्हनून तर इचारलं तुला."

म्हणजे तिनं मला एक संधी दिली होती. मी नाही म्हणालो असतो तरी ती आलीच असती कदाचित, पाणीही सोडलंच असतं. पण मग ते माझ्या तोंडून ऐकून, ठरवून आली असती. मी तिच्या अंगावर खोटं टाकलं, आणि ते खोटं तिला कळलं आहे हे तिनं माझ्यापासून लपवलं, मला वाईट वाटू नये म्हणून.

त्यानंतर मी माफी सोडून सगळं केलं. नारळपाणी आणलं, फळं आणली. मॉलमध्ये कारंजं दाखवायला नेतो म्हणालो. ऑफिसातून दिवसात पाच वेळा फोन करून पाणी प्यालीस का विचारलं. ती म्हणायची, प्याले बाबा, किती इचारशील. एकदा जेवताना मी म्हणालो, "त्या दिवशी जरा गैरसोय झाली नाही का तुझी?" ती म्हणाली, "त्येचं काय येवढं." मी लगेच विषय बदलला, आणि बायकोनं ताट उचलताना ते जरा जास्त आवाज करत उचललं. मुलगी आजीजवळ मराठी शिकत होती, तिची चूक झाली की "सॉरी आजी" म्हणायची. किती सहज म्हणायची. मी पन्नाशीला आलो आणि आईला आजवर 'चुकलं' म्हणालो नाही. आमच्याकडे आईला असं कुणी म्हणत नाही. चुकलं तर पुढच्या खेपेला साडी आणायची, पाया पडायचं. शब्द काढायचे नाहीत.

तिच्या परतीच्या आदल्या दुपारी मी सुट्टी टाकली. ती आमच्या बेडरूममध्ये पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. बॅग उघडी होती. मी आत गेलो, बाहेर आलो, पाणी प्यायलो, पुन्हा आत गेलो. ती न बघता म्हणाली, "काय चाललंय तुजं? बस की एका जागी."

मी बसलो.

"आई, त्या दिवशीचं."

"जाऊ दे रं ते. झालं ते झालं."

"जाऊ देऊ नकोस. माझं पुरतं ऐक."

तिनं हातातली घडी मांडीवर ठेवली.

"तिथे बाथरूम नाही हे मला माहीत होतं. तुझ्यासाठी टेंट आणलेला, तो मी डिकीतून काढला, दिव्यांच्या माळा ठेवायला. झाडांची जागा होती, मशीद होती, ती मी नको म्हणालो, फोटो चांगला यावा म्हणून. तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुला सवय आहे असं म्हणालो मी, खाली पार्किंगमध्ये. ते दिवे तुझ्या अंगावर आले तेव्हा मी बघत होतो, आणि बघूनही तुला घरी आणलं नाही. तू आजारी पडलीस ते माझ्यामुळे. माझं चुकलं, आई. मला माफ कर."